फॉलोअर्स आहेत पण फोन वाजत नाही: ऐरोलीतल्या घरगुती फोटोग्राफरने ऑनलाइन नक्की काय करावं

प्रश्न थोडक्यात असा: ऐरोलीच्या एक ताई घरूनच फोटोग्राफी करतात, बारसं, पहिला वाढदिवस, डोहाळजेवण, बेबी शूट असं काम. इन्स्टाग्रामवर दोनेक हजार फॉलोअर्स आहेत, लाइक बऱ्यापैकी येतात, पण काम मात्र अजूनही मावशीच्या नणंदेच्या ओळखीतूनच येतं. आता एका वेबसाइटवाल्याने त्यांना 45 हजारांचं कोटेशन दिलंय आणि त्या विचारतायत की करू का, की तेच पैसे इन्स्टाच्या जाहिरातीत घालू.

ताई, दोन्ही नको, निदान आत्ता तरी. मी ठाण्यात बरीच वर्षं हाच धंदा करतोय, नौपाड्यात छोटा स्टुडिओ आहे, लग्न-मुंजींपासून वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांच्या प्रॉडक्ट शूटपर्यंत सगळं करून झालंय, आणि नवीन पोरं-पोरी बघतो ना तर सगळ्यांचं घोडं एकाच ठिकाणी अडतं. तुम्हाला लाइक करणारे कोण आहेत ते एकदा शांतपणे बसून बघा. बरेचसे इतर फोटोग्राफर असतील, थोडे मेकअपवाले, थोडे कॉलेजचे मित्र, आणि कुठली तरी प्रीसेट (फोटो एडिटिंगच्या तयार सेटिंग्ज) विकणारी पेजेस. त्यातलं कोणीही पुढच्या महिन्यात बारसं करणार नाहीये. जिला बारसं करायचंय ती घणसोलीत सोफ्यावर बसून गूगलवर "बेबी फोटोग्राफर निअर मी" टाकते, नाहीतर सोसायटीच्या ग्रुपवर विचारते की कोणी चांगला फोटोग्राफर माहितीये का, आणि ग्रुपवर नाव मिळालं तरी ते नाव परत गूगलवर टाकूनच बघते. दहा-बारा किलोमीटरच्या आतल्या त्या बाईला तुम्ही सापडलात, फोटो पटले आणि भाव कळला, बास, एवढंच काम आहे.

म्हणून पहिलं काम गूगल बिझनेस प्रोफाइल. पूर्वी याला गूगल माय बिझनेस म्हणायचे, 2021 मध्ये नाव बदललं. फुकट आहे. नकाशावर तीन-चार नावं येतात ना फोन नंबर आणि स्टारसकट, ते इथूनच येतं. तुम्ही घरून काम करता आणि गिऱ्हाईक घरी येत नाही, तर पत्ता लपवायचा आणि सर्व्हिस एरिया भरायचे: ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, कळवा, ठाणे, मुलुंड. वीसपर्यंत एरिया टाकता येतात पण म्हणून पार विरार-पनवेल टाकू नका, कारण रिझल्ट देताना गूगल तीन गोष्टी बघतं: शोधणाऱ्याला जे हवंय ते तुम्ही करता का, तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात, आणि तुमचं नाव किती माहितीचं आहे. घोडबंदर रोडवरच्या माणसाला कासारवडवलीचा फोटोग्राफर आधी दिसणार, तिथे तुम्ही डोकं आपटलं तरी फार फरक पडणार नाही. पण ऐरोलीत आणि खालच्या दोन-तीन स्टेशनांत तुम्ही वर येऊ शकता, आणि खरं सांगू का, बेबी शूटसाठी तेवढा भाग पुष्कळ झाला.

व्हेरिफिकेशनला, म्हणजे धंदा खरा आहे हे गूगलला पटवायला, हल्ली बहुतेक वेळा व्हिडिओ मागतात. एका टेकमध्ये, न कापता. खाली उतरून रस्त्याची किंवा सेक्टरची पाटी दाखवा, मग वर येऊन कॅमेरा, लाइट, बॅकड्रॉप, ते तुमचं विणलेलं बास्केट, आणि धंद्याच्या नावाचा एखादा कागद. गुमास्ता (दुकान-धंद्याची नोंदणी) किंवा उद्यम (छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी) सर्टिफिकेट असेल तर उत्तम. उद्यम सरकारी साइटवर फुकट मिळतं, मधल्या एजंटला पैसे देऊ नका. नावाच्या रकान्यात फक्त धंद्याचं नाव लिहायचं. "अमुक फोटोग्राफी बेस्ट बेबी फोटोग्राफर ऐरोली ठाणे नवी मुंबई" असली मालगाडी जोडणारे खूप आहेत, काही दिवस वर दिसतातही, पण ते नियमाबाहेर आहे आणि कोणी तक्रार केली की प्रोफाइल सस्पेंड होऊ शकतं, मग रिव्ह्यूसकट सगळं अडकून बसतं. काय काम करता ते कॅटेगरीत, सर्व्हिसेसमध्ये आणि वर्णनात लिहा, त्यासाठीच ती जागा आहे. फोटो दर आठवड्याला दोन-चार टाकत राहा, एकदम दीडशे टाकून सहा महिने गप्प बसू नका.

आता रिव्ह्यू. इथे मी जरा लांबण लावणार आहे कारण फोटोग्राफीत निम्मी लढाई इथेच आहे. लोक "नक्की देतो हं" म्हणतात आणि विसरतात, त्यांचा दोष नाही, घरी तान्हं बाळ आहे त्यांच्या. मागायची वेळ महत्त्वाची. कार्यक्रमाच्या दिवशी मागू नका, पेमेंटच्या मेसेजसोबत तर अजिबात नको. गॅलरीची लिंक पाठवली की त्या संध्याकाळी घरात सगळे फोनभोवती जमतात, आजी एखादा फोटो डीपीला लावायला सांगते, आणि तुम्हाला मेसेज येतो "खूपच सुंदर आलेत, थँक्यू". तो मेसेज आला रे आला की रिव्ह्यूची लिंक पाठवायची, गूगल प्रोफाइलमध्येच ती लिंक तयार मिळते, क्यूआर पण मिळतो. आणि सोबत एक ओळ लिहायची: "कुठला कार्यक्रम होता आणि काय आवडलं ते दोन वाक्यांत लिहाल का, मराठीत लिहिलं तरी चालेल." कारण "नाइस सर्व्हिस" या रिव्ह्यूचा उपयोग जवळपास शून्य, आणि "ऐरोली सेक्टर 8 मध्ये आमच्या मुलीचं बारसं होतं, हॉल अंधारा होता तरी फोटो छान आले, बाळ रडत होतं तर ताई शांतपणे थांबल्या" या एका रिव्ह्यूवर पुढची आई फोन लावते. अंधारा हॉल आणि रडणारं बाळ, तिला नेमकी याचीच काळजी असते. रिव्ह्यू दिला तर डिस्काउंट, फ्री फ्रेम वगैरे करू नका, गूगलला ते चालत नाही. पैसे देऊन घेतलेले रिव्ह्यू तर लोकांनाही वासावरून कळतात, एकाच आठवड्यात वीस जण, सगळ्यांची भाषा सारखी. वाईट रिव्ह्यू आला तर उत्तर द्या, भांडू नका, कारण ते उत्तर पुढची दहा माणसं वाचणार आहेत.

दुसरं, व्हॉट्सॲप बिझनेस. साधं नाही, बिझनेसवालं ॲप, तेही फुकट आहे. कॅटलॉगमध्ये बारसं, वाढदिवस, डोहाळजेवण, घरी बेबी शूट असे चार-पाच आयटम टाका, प्रत्येकाला एक चांगला फोटो आणि "पासून" किंमत. किमतीबद्दल आपल्याकडे फार लाजतात. इन्स्टावर कोणी विचारलं "प्राइस प्लीज" की उत्तर "चेक डीएम", आणि डीएममध्ये "तुमचा नंबर द्या". अहो, उडप्याच्या मेनूकार्डवर भाव नसतील तर माणूस इडली तरी मागवेल का? क्विक रिप्लायमध्ये हे सेव्ह करून ठेवा, आकडे अर्थात तुमचे:

"नमस्कार, चौकशीबद्दल धन्यवाद. घरगुती बारसं किंवा वाढदिवस, तीन तास, 9,000 पासून. एडिट केलेले 60 फोटो, दहा दिवसांत ऑनलाइन गॅलरी. अल्बम हवा असेल तर वेगळा. तारीख आणि ठिकाण सांगाल का? मोकळी आहे का ते लगेच बघून सांगते."

एवढ्याने निम्म्या चौकशा आपोआप गळतील, आणि त्या गळायलाच हव्यात. उरलेल्यांशी बोलायला तुमच्याकडे वेळ राहील. संध्याकाळी शूटवर असताना अवे मेसेज लावून ठेवा. आणि सँपल फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर गॅलरीची लिंक द्या, साध्या पद्धतीने पाठवला की व्हॉट्सॲप त्याला दाबून टाकतं आणि तुमच्या मेहनतीच्या स्किन टोनची माती होते.

आता त्या 45 हजारांच्या वेबसाइटकडे. वेबसाइट हवी, पण चार-पाच पानांची, आणि ती तुम्ही स्वतः कुठल्याही तयार वेबसाइट-बिल्डरवर दोन वीकेंडमध्ये बनवू शकता. डॉट इन किंवा डॉट कॉम डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, वर्षाला हजाराच्या आसपास पडतं. हवीच कशाला म्हणाल तर एक उदाहरण देतो, गूगल प्रोफाइलमधूनच फुकट छोटी वेबसाइट बनवायची सोय होती, जिच्या पत्त्याच्या शेवटी बिझनेस डॉट साइट असायचं, आणि मार्च 2024 मध्ये गूगलने ती सोय बंदच करून टाकली. ज्यांनी कार्डावर, गाडीवर तो पत्ता छापला होता ते बसले हात चोळत. स्वतःचं डोमेन असेल तर मागचं सगळं बदललं तरी पत्ता तोच राहतो. फक्त ते डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या कार्डने घेतलेलं असलं पाहिजे. माझ्या ओळखीच्या एका डोंबिवलीच्या फोटोग्राफरचं डोमेन वेबसाइटवाल्याने स्वतःच्या खात्यात घेतलं होतं, पुढे दोघांचं फिसकटलं आणि याला नवीन नावाने पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. 45 हजारवाल्याला हा एक प्रश्न विचारून बघा, डोमेन कोणाच्या नावावर असेल, उत्तर देताना चाचरला तर विषय संपला.

साइटवर काय टाकायचं? इथे तुमच्या हातात एक गोष्ट आहे जी मोठ्या वेडिंगवाल्यांकडे नाही. प्रत्येक कार्यक्रमाला एक वेगळं पान करा. समजा बोरन्हाण. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचे जेमतेम काही दिवस, सगळ्यांना त्याच दोन-तीन शनिवार-रविवारी फोटोग्राफर हवा असतो, आणि शोधताना लोक खरंच बोरन्हाण हाच शब्द टाकतात, देवनागरीत पण आणि इंग्रजी स्पेलिंगमध्ये पण. मग त्या पानावर फक्त फोटो डकवू नका, असं काहीतरी लिहा: बाळाला काळं झबलं आणि त्यावर पांढरे हलव्याचे दागिने, त्यामुळे ट्यूबलाइटखाली मोबाइलवर एकतर झबलं काळंठिक्कर येतं नाहीतर दागिने पांढरेफटक होऊन जातात, म्हणून आम्ही खिडकीजवळ पाट मांडतो आणि दुपारी चारची वेळ सुचवतो. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे डोक्यावरून ओततात तो क्षण काही सेकंदांचा असतो, म्हणून आधी मोठ्या भावंडांना समोरून बाजूला बसवतो. दागिने बाळ तोंडात घालणारच, त्यामुळे दागिन्यांचे फोटो पहिल्या दहा मिनिटांत. हे वाचून आईला कळतं की या बाईने हे काम केलेलं आहे, आणि गूगललाही वाचायला काहीतरी खरं मिळतं. पान जानेवारीत टाकून उपयोग नाही, गूगलला ते उचलायला वेळ लागतो, दिवाळी झाली की लगेच टाका. असंच डोहाळजेवणाचं, असंच बारशाचं.

फोटो मोजके ठेवा, एका प्रकारचे वीस-पंचवीस पुरे. पण एक अख्खा कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत दाखवाच, जेवणाच्या पंगतीसकट, कारण निवडक दहा भारी फोटो कोणाचेही असतात, अख्खा कार्यक्रम सांभाळता येतो का हे लोकांना बघायचं असतं. वर्कशॉपमध्ये मॉडेल ठेवून काढलेले फोटो गिऱ्हाइकाचं काम म्हणून लावू नका, ते कळतं. टेक्निकल बाजू थोडक्यात: लांब बाजू दोन हजार पिक्सेलच्या आसपास, फाइल तीन-चारशे केबीच्या आत, कलर स्पेस (फाइलमधल्या रंगांची पद्धत) एसआरजीबी, नाहीतर काही फोनवर रंग मेलेले दिसतात. फाइलचं नाव कॅमेऱ्याने दिलेलं तसंच न ठेवता बोरन्हाण-ऐरोली असं काहीतरी. आणि घरातल्या शूटच्या फोटोंमधून जीपीएस (फाइलमध्ये लपलेली जागेची माहिती) काढून टाका, लोकांच्या घराचं लोकेशन आपल्याकडून बाहेर जायला नको. सगळं झाल्यावर साइट स्वतःच्या मोबाइलवर, वायफाय बंद करून, ऐरोली-ठाणे लोकलमध्ये उघडून बघा. पारसिकच्या डोंगराजवळ नेटवर्क जातं तिथे पण उघडली तर पास.

इन्स्टाग्राम बंद करा म्हणत नाहीये मी. नाव कुठून तरी कळलेला माणूस तिथे खात्री करायला येतो, की ही बाई खरंच काम करते का, शेवटची पोस्ट कधीची आहे. मग त्या माणसासाठी प्रोफाइल लावा. इन्स्टाच्या (गूगलच्या नाही) नावाच्या रकान्यात "बेबी फोटोग्राफर ऐरोली" हे शब्द असू द्या, तो रकाना सर्चमध्ये मोजला जातो. वर तीन पोस्ट पिन करता येतात: एक तुमचं उत्तम काम, एक किमती आणि बुकिंग कसं करायचं, एक तुम्ही स्वतः काम करताना. तिसरी विसरू नका, तान्ह्या बाळाजवळ कोण येणार आहे हे आई-आजीला बघायचं असतं आणि बाई फोटोग्राफर असणं ही या कामात तुमची मोठी जमेची बाजू आहे. कॅप्शनमध्ये नुसते हार्ट टाकण्यापेक्षा कार्यक्रम आणि भाग लिहा, कारण जुलै 2025 पासून प्रोफेशनल (बिझनेस किंवा क्रिएटर) अकाउंटच्या पब्लिक पोस्ट गूगल सर्चमध्येही येऊ शकतात. बिझनेस अकाउंटला ट्रेंडिंग गाणी सगळी मिळत नाहीत म्हणून रडू नका, बाळाच्या हसण्याचा खरा आवाज ठेवला तर जास्त चालतो असा माझा अनुभव आहे.

एक गोष्ट मात्र फोटो टाकायच्या आधीची, आणि ही आपल्या लाइनीत बऱ्याच जणांना माहीतच नसते. "फोटो मी काढला म्हणजे कॉपीराइट माझा" असं आपण धरून चालतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 उलटं सांगतं: कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला आणि दुसरा काही करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक ज्याने फोटो काढून घेतला तो. म्हणजे गिऱ्हाईक. त्यामुळे बारशाचे फोटो न विचारता पोर्टफोलिओत टाकणं हे नुसतं शिष्टाचाराला सोडून नाही, कायद्यानेही तुमची बाजू लंगडी आहे. उपाय सोपा आहे, बुकिंग फॉर्ममध्येच टाका. मी तीन पर्याय देतो: फोटो वापरले तर चालतील, चेहरा न दिसणारे चालतील, अजिबात नको. बाळांच्या बाबतीत मधला पर्याय बरेच जण घेतात, आणि त्याने काही बिघडत नाही, आजीच्या तळहातावरची इवलीशी मूठ, पाळण्याच्या कडेवरून दिसणारे पाय, अशा फोटोंवर लोक जास्त थांबतात. "अजिबात नको" म्हणणाऱ्याला पुन्हा आग्रह करायचा नाही. बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, सोसायटीचं नाव पोस्टमध्ये कधीच नाही, परवानगी असली तरी.

सोसायटीचे व्हॉट्सॲप ग्रुप हे आपल्या भागातलं खरं मार्केट. तिथे स्वतः जाऊन जाहिरात टाकलीत तर ॲडमिन ओरडतो आणि नाव खराब होतं ते वेगळं. तुमच्या आधीच्या गिऱ्हाइकाला फॉरवर्ड करायला सोपं असं काहीतरी देऊन ठेवा, एक फोटो, दोन ओळी, नंबर, साइटची लिंक. कोणीतरी ग्रुपवर विचारलं की ती तेच टाकते. गणपतीत किंवा कोजागिरीला सोसायटीच्या कार्यक्रमाचे थोडे फोटो काढून दिलेत तर एका संध्याकाळी अख्खी बिल्डिंग तुम्हाला ओळखायला लागते.

पैसे देऊन जाहिरात करायची तर वरचं सगळं लागल्यावर. इन्स्टावरच्या पोस्टखालचं बूस्टचं बटण दाबू नका, ॲड्स मॅनेजरमधून (इन्स्टा-फेसबुकच्या जाहिराती लावायची जागा) ऐरोलीभोवती छोटी त्रिज्या ठेवून व्हॉट्सॲपवर आणणारी जाहिरात करा, सुरुवातीला दिवसाला दोनशे-तीनशे रुपये, तेही बोरन्हाणाच्या आधी पंधरा दिवस. आणि येणाऱ्या प्रत्येक फोनला विचारा, "आमचं नाव कुठून कळलं?", उत्तर वहीत लिहा. सहा महिन्यांनी ती वही सांगेल पुढचे पैसे कुठे घालायचे, कुठल्याही एजन्सीच्या रिपोर्टपेक्षा बरं. धंद्यांची यादी देणाऱ्या लिस्टिंग साइटवाल्यांच्या "गॅरंटीड लीड"च्या (पक्क्या चौकशांच्या) वार्षिक पॅकेजचे फोन येतील, तेव्हाही वही समोर ठेवूनच बोला.

नंबर सगळीकडे गेला की आणखी एका जातीचे फोन येतात, त्याची तयारी ठेवा. समोरचा सांगतो मी आर्मीत आहे, कॅम्पमध्ये फंक्शन आहे, भाव अजिबात करत नाही, ॲडव्हान्स लगेच पाठवतो म्हणतो, आणि मग एक क्यूआर पाठवून सांगतो हा स्कॅन करून पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पिन टाकलात की पैसे गेले. तसंच इन्स्टावर "तुमच्या पोस्टवर कॉपीराइट तक्रार आहे, 24 तासांत इथे लॉगिन करा" असा मेसेज आला तर हात लावू नका, आणि आजच टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड किंवा पिन) सुरू करा, इन्स्टाला, गूगलला आणि व्हॉट्सॲपला पण. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा, जितका लवकर कराल तितकी रक्कम मध्येच गोठवली जायची शक्यता जास्त.